गाठ लागल्यापासून दवाखान्यापर्यंत

संत्र्यांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या वाकायामा प्रांतात दोनशे वर्षांपूर्वी एका वैद्याने एक नोंदवही ठेवली होती. तीत दीडशेच्या वर बायकांची नावं आहेत. त्या गावोगावहून आलेल्या, पण सगळ्यांचं येण्याचं कारण एकच. स्तनात गाठ.

वैद्याचं नाव हानाओका सेइशू. जन्म 1760 चा, हिरायामा या खेड्यातला. हे खेडं आता किनोकावा शहराच्या हद्दीत येतं. 1804 साली सेइशूने साठ वर्षांच्या कान नावाच्या बाईला एक काढा पाजला, ती गाढ झोपल्यावर तिच्या स्तनातली गाठ कापून काढली, आणि ती पुन्हा जागी झाली. पूर्ण भूल देऊन केलेली आणि कागदोपत्री पुरावा असलेली जगातली ही पहिली शस्त्रक्रिया मानतात. बोस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टनने ईथरने भूल देण्याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं ते 1846 मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात, 1811 साली, पॅरिसमध्ये इंग्रज लेखिका फॅनी बर्नीचा स्तन काढला गेला तो ती जागी असताना. त्या शस्त्रक्रियेबद्दल तिने बहिणीला लिहिलेलं पत्र आजही वाचवत नाही.

सेइशूच्या काढ्यातलं मुख्य द्रव्य आपल्या ओळखीचं आहे. महादेवाला वाहतो तो धोतरा. त्याच्या जोडीला बचनागाच्या जातीचं मूळ आणि आणखी काही वनस्पती. दोन्ही विषारीच, त्यामुळे सगळा प्रश्न मात्रेचा होता, आणि ती ठरवायला त्याने वीसेक वर्षं घालवली. कुत्र्या-मांजरांवर प्रयोग झाले, मग घरच्या माणसांवर. आई ओत्सुगी आणि बायको काए दोघी पुढे आल्या. काएची दृष्टी गेली, असं घराण्यात सांगत आले. सावाको आरियोशी या लेखिकेने 1966 साली याच विषयावर कादंबरी लिहिली आणि सासू-सुनेच्या त्या चढाओढीची कथा जपानभर पोचली. पुढच्याच वर्षी तिच्यावर सिनेमाही आला. जपानमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या बोधचिन्हात आज धोतऱ्याचं फूल आहे. काएचे डोळे कुठल्या बोधचिन्हात नाहीत. कादंबरी नसती तर तिचं नावही वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर कुणाला ठाऊक झालं नसतं.

इथवरची गोष्ट जपानी लोक अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच. पण माझ्या विषयाला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कान शस्त्रक्रियेतून वाचली आणि चार-पाच महिन्यांत गेली. वहीतल्या ज्या 33 जणींच्या मृत्यूची तारीख संशोधकांना पुढे शोधता आली, त्यांत कुणी 8 दिवस जगली, तर कुणी 41 वर्षं. सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास. भूल जमली होती, सुरी जमली होती, हात तर निष्णात होताच. उशीर आधीच झालेला होता. स्तनाला सुरी लावली की बाईचा जीव जातो, अशी त्या काळच्या जपानी वैद्यांचीही समजूत होती. मग गाठ घेऊन जायचं कुणाकडे? बाई वर्ष-दोन वर्षं ती पदराआड सांभाळायची आणि असह्य झाल्यावर डोंगर-नद्या ओलांडून सेइशूच्या दारी यायची.

त्यात सेइशूने काढ्याची कृती गुप्त ठेवली. शिष्य देशभरातून आले, पण परवानगीशिवाय कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊनच शिकले. सेइशूने कृती कधी छापून प्रसिद्ध केली नाही. तो काळ तसा होता हे मान्य, पण या मौनाने किती बायकांचा जीव गेला असेल हा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आता एकदम आजच्या जपानमध्ये येऊ. दरवर्षी नव्वद हजारांच्या वर बायकांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान होतं आणि वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास बायका त्याने जातात. जपानी बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. नऊ जणींतल्या एकीला आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो, असं तिथल्या नोंदी सांगतात. एके काळी हा पाश्चात्त्य बायकांचा रोग आहे, भात-मासे-सोयाबीन खाणाऱ्यांना त्याची भीती नाही असं बोललं जायचं. हवाईला जाऊन राहिलेल्या जपान्यांच्या मुली-नातींमध्ये त्याचं प्रमाण पिढीगणिक वाढत गेलं तेव्हाच ती समजूत डळमळली होती. पुढे जपानमध्येच लग्नं लांबली, मुलं कमी झाली, स्तनपानाचे महिने घटले, वजनं वाढली आणि आकडे चढत गेले. पुण्या-मुंबईत याहून वेगळं काही घडलेलं नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. युरोप-अमेरिकेत हा आजार वय वाढेल तसा वाढत जातो आणि साठीनंतर जास्त दिसतो. जपानमध्ये त्याचा एक मोठा उंचवटा पंचेचाळीस ते पन्नास या वयात आहे. म्हणजे घरात शाळा-कॉलेजातली मुलं, डोक्यावर कर्ज, सासू-सासरे थकलेले, आणि बाई सगळ्यांचं करण्यात बुडालेली. भारतातही रोगी बायका पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दशकभर तरुण असतात. त्यामुळे लंडनचा नियम उचलून तोक्योत किंवा मुंबईत लावता येत नाही.

लवकर आणि उशिरा यांत अंतर किती, हे जपानच्या कॅन्सर नोंदणीत स्पष्ट दिसतं. गाठ स्तनापुरतीच असताना सापडली तर पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण 99 टक्क्यांच्या घरात. हाडं, यकृत, फुप्फुसं असा रोग दूर पसरल्यावर सापडला तर 40 टक्क्यांच्या आत.

जपानने यासाठी सरकारी यंत्रणा उभी केली ती टप्प्याटप्प्याने. 1987 मध्ये डॉक्टरांनी हाताने तपासायचं असं सुरू झालं, तिशीपासून पुढच्या सगळ्या बायकांसाठी. 2000 मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी मॅमोग्राफी आली. चाळिशीतच रोग जास्त दिसतो हे लक्षात आल्यावर 2004 मध्ये वयाची अट चाळीसवर आणली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी एकदा मॅमोग्राफी. 2016 मध्ये हाताने तपासणं शिफारशीतून वगळलं. 2009 मध्ये चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशा ठरावीक वयाच्या बायकांना मोफत तपासणीची कुपनं घरपोच जाऊ लागली. एरवीही नगरपालिका बहुतेक खर्च उचलते. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्येक फोटो दोन डॉक्टर वाचतात. फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञ बहुतांशी बायका असतात. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या रविवारी नोकरदार बायकांसाठी देशभरातली अनेक इस्पितळं मुद्दाम उघडी ठेवतात. ती कल्पना ओसाकातल्या एका स्वयंसेवी संस्थेची, 2009 सालची.

एवढं करून निकाल काय? चाळीस ते एकोणसत्तर वयातल्या बायकांपैकी गेल्या दोन वर्षांत तपासणी करून घेतलेल्या किती, असं 2022 च्या राष्ट्रीय पाहणीत विचारलं तेव्हा उत्तर आलं 47.4 टक्के. त्याच्या तीन वर्षं आधीही तेवढंच होतं. अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत हा आकडा सत्तरीच्या आसपास असतो. ज्या देशात आगगाडी मिनिटभर उशिरा आली तर माफी मागतात, तिथे निम्म्याहून जास्त बायका वेळेवर तपासणीला जात नाहीत.

का जात नाहीत, हे सरकारी पाहण्यांत वर्षानुवर्षं विचारलं जातंय. सगळ्यात वरचं उत्तर असतं वेळ नाही. त्याखाली तब्येत ठणठणीत आहे, आणि काही झालंच तर डॉक्टरकडे कधीही जाता येतंच की. तिसऱ्या उत्तरात जपानच्या चांगल्या आरोग्यव्यवस्थेचीच खोच आहे. दवाखाना कोपऱ्यावर, विमा सगळ्यांना, मग घाई कशाला? दुसरी मेख अशी की नोकरदारांची वार्षिक तपासणी कंपनी करून घेते, पण नवऱ्याच्या विम्यावर असलेली गृहिणी त्या शिस्तीबाहेर राहते. तिला कुणी हाताला धरून नेत नाही. घरच्यांच्या तारखा तिच्या डोक्यात असतात, तिची तारीख कुणाच्याच डोक्यात नसते. हे काही जपानचंच नाही.

जनजागृती मात्र भरपूर झाली. 2000 साली ऑक्टोबरात तोक्यो टॉवर पहिल्यांदा गुलाबी दिव्यांनी उजळला आणि पुढे किल्ले, पूल, मनोरे सगळेच गुलाबी होऊ लागले. दिव्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण प्रसिद्ध व्यक्तींच्या आजाराचा परिणाम होतो हे नाकारता येत नाही. 2015 मध्ये माजी महिला कुस्तीगीर आणि टीव्हीवरचा लाडका चेहरा असलेल्या होकुतो आकिराने आपल्याला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं जाहीर केलं आणि तपासणी केंद्रांचे फोन खणखणू लागले. ती दरवर्षी तपासणी करून घेणारी बाई होती. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात रोग वाढला, आणि बदल तिला स्वतःलाच जाणवला.

पुढच्या वर्षी कोबायाशी माओ. वृत्तनिवेदिका, काबुकीतल्या थोर घराण्यातल्या इचिकावा एबिझोची पत्नी, दोन लहान मुलांची आई. 2014 च्या फेब्रुवारीत आरोग्यतपासणीत संशय आला होता, काही महिन्यांनी पुन्हा बघू असं ठरलं होतं. ऑक्टोबरात गाठ तिच्याच हाताला लागली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. आजार जगजाहीर झाल्यावर ती रोज लिहू लागली आणि लाखो लोक ते वाचू लागले. बीबीसीने 2016 च्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचं नाव घेतलं. जून 2017 मध्ये ती गेली, चौतीस वर्षांची. कॅन्सर झालेल्या बाईने घराबाहेर सगळ्यांशी त्याबद्दल बोलावं, हे जपानला नवीन होतं. ऐंशीच्या दशकापर्यंत तिथे रोग्याला कॅन्सर झाल्याचं सांगतच नसत. 1989 मध्ये वारलेल्या सम्राट हिरोहितोंनाही ते सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या वॉर्डांबाहेर नातेवाईक डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन काय विनवतात, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पण अशा लाटेला एक वाईट अंगही असतं. 2007 मध्ये चोवीस वर्षांच्या एका तरुणीच्या शेवटच्या महिन्यावर टीव्हीवर माहितीपट आला, मग पुस्तक, मग सिनेमा. त्यातून विशी-तिशीतल्या मुलींसाठी मॅमोग्राफीची गाडी फिरवण्याची मोहीम निघाली. डॉक्टर आणि रुग्णसंघटनांनी त्यावर लेखी आक्षेप घेतला. या वयात रोग फार क्वचित असतो, फोटो नीट वाचता येत नाही, विनाकारण भीती आणि सुया वाट्याला येतात. आक्षेप रास्त होता. नगरपालिकेच्या तपासणीत आजही हजार बायकांमागे साधारण साठ-सत्तर जणींना पुन्हा बोलावतात आणि त्यांतल्या तिघी-चौघींनाच कॅन्सर निघतो. चाळिशीपुढे हा सौदा परवडतो. पंचविशीत नाही.

फोटो नीट वाचता येत नाही, म्हणजे काय होतं ते सांगतो. मॅमोग्राफीत चरबी काळी दिसते, दुधाच्या ग्रंथींचा भाग पांढरा, आणि गाठही पांढरी. ग्रंथींचा भाग दाट असेल तर गाठ शोधणं म्हणजे दुधात पडलेला साखरेचा दाणा शोधणं. तरुण बायकांचे स्तन असे दाट असतात आणि जपानी बायकांमध्ये चाळिशीतही हे प्रमाण बरंच आहे. अहवालात सगळं ठीक आहे असं येतं, बाई निर्धास्त होते, आणि गाठ तिथेच असते.

यावर सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठातल्या नोरिआकी ओउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. 2007 ते 2011 या काळात त्यांनी चाळिशीतल्या 72,998 बायकांना चाचणीत घेतलं. निम्म्यांची फक्त मॅमोग्राफी, निम्म्यांची मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. निकाल 2016 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुसत्या मॅमोग्राफीने असलेल्या कॅन्सरपैकी 77 टक्के पकडले, सोनोग्राफी जोडल्यावर 91 टक्के. पहिल्या गटात 117 जणींचा रोग सापडला, दुसऱ्यात 184 जणींचा, आणि जास्तीचे बहुतेक अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले. दोन तपासण्यांच्या मध्ये अचानक उद्भवणारे कॅन्सर निम्म्यावर आले. किंमतही मोजावी लागली. निरोगी असून पुन्हा बोलावल्या गेलेल्या बायका वाढल्या. तरीही सरकारने सोनोग्राफी लगेच सगळ्यांना लागू केली नाही. जास्त गाठी सापडल्या म्हणजे कमी बायका मेल्या असं सिद्ध होत नाही, त्यासाठी थांबायला हवं, अशी भूमिका घेतली. निवडणुकीच्या तोंडावर आरोग्यशिबिरं भरवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हा संयम समजणं कठीण आहे.

आणि आता मुंबई. सोनोग्राफी परवडणाऱ्या जपानचं उत्तर कळलं, पण जिथे मॅमोग्राफीचं यंत्रच बाईपर्यंत पोचणार नाही तिथे काय? हा प्रश्न टाटा मेमोरियलच्या डॉक्टर इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हातात घेतला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायका, वीस वस्त्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन हाताने स्तन तपासायच्या. यंत्र नाही, वीज नाही. वीस वर्षं पाठपुरावा करून 2021 मध्ये निष्कर्ष छापला गेला. तपासलेल्या वस्त्यांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि हेही त्यांनी लपवलं नाही.

जपानने 2016 मध्ये हात मागे घेतला, मुंबईने त्याच हाताची किंमत सिद्ध केली. यात विरोध नाही. दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी मिळणाऱ्या बाईला डॉक्टरच्या हाताने फार काही जास्तीचं मिळत नाही. जिला काहीच मिळत नाही तिला तो हात आयुष्याची काही वर्षं देऊ शकतो. दोन्हीकडच्या संशोधकांनी दुसऱ्यांचा नियम न उचलता आपल्या बायकांवर, आपल्या पैशात काय जमतं ते मोजून पाहिलं, हे मला थोर वाटतं.

2021 मध्ये जपानच्या आरोग्य खात्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःचे स्तन तपासा, हा जुना उपदेश सोडून दिला. त्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नव्हतं, धास्ती मात्र वाढायची. त्याऐवजी आता सांगतात की आपले स्तन एरवी कसे असतात ते अंघोळ करताना, कपडे बदलताना ओळखून ठेवा. वेगळं काही वाटलं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता थेट डॉक्टरकडे जा. वेगळं म्हणजे हाताला लागणारी गाठ, बहुधा न दुखणारी. त्वचेला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली कातडी. आत ओढलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, काखेतली गाठ. दुखत नाही म्हणून साधी असेल, या एका समजुतीने जितकं नुकसान केलंय तितकं कशानेच केलं नसेल.

जायला नको वाटण्यामागे पुढचं भयही असतं. स्तन गेला तर? जपानमध्ये हे भय गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत पोचतं. ओन्सेनमध्ये सगळ्याजणी विवस्त्र होऊन एकत्र अंघोळ करतात, तो तिथल्या सहलीचा, माहेरपणाचा, मैत्रिणींच्या गप्पांचा भाग आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी बायका तिथे जाणं कायमचं सोडून देतात. 2012 मध्ये काही पारंपरिक अतिथीगृहांनी एकत्र येऊन संघ काढला. धुण्याच्या जागांमध्ये आडपडदे, ओल्या अंगावर गुंडाळायला जास्तीचे पंचे, व्रण झाकणारा अंघोळीचा खास कपडा घालायला मुभा. हा कपडा अस्वच्छ नाही, कुरकुर करू नका, अशी पत्रकं सरकारने आणि नगरपालिकांनी स्नानगृहांत लावली. 2013 पासून सिलिकॉन बसवून स्तन पुन्हा घडवण्याचा खर्चही विम्यात आला. गुलाबी मनोऱ्यांपेक्षा या आडपडद्यांनी जास्त काम केलं असावं, असं मला वाटतं.

आता आपल्या माणसांकडे. तोक्योच्या एदोगावा भागातलं निशिकासाई मराठी घरांना परकं नाही. 2000 च्या सुमारास संगणकाच्या कामाला आलेल्या अभियंत्यांपासून ही वस्ती वाढली. 2019 मध्ये तिथल्या नगरसभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच. गणपती, दिवाळी पहाट, चिवडा-चकली सगळं तिथे होतं. पण तिथल्या बऱ्याच बायका नवऱ्याच्या विम्यावर असतात, म्हणजे तपासणीच्या शिस्तीबाहेर राहणाऱ्या त्याच गटातल्या. जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद झालेली परदेशी बाईही नगरपालिकेच्या तपासणीला पात्र असते. नगरपालिकेचं पाकीट येतं ते जपानीत, पिझ्झाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात. ते फेकू नका. जपानी वाचता येणाऱ्या मैत्रिणीला, मुलांना, नवऱ्याला दाखवा आणि वेळ ठरवून घ्या. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, हृदयाला पेसमेकर किंवा स्तनात सिलिकॉन असेल तर आधी सांगा. त्या दिवशी काखेत पावडर-डिओडरंट लावू नका. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलात तर दाबल्यावर कमी दुखतं. भारतात आईला, मावशीला, बहिणीला हा आजार झाला असेल तर चाळिशीची वाट न पाहता डॉक्टरला तसं सांगा. तीस वर्षांची असाल आणि गाठ लागली असेल तर कुपनाचा, वयाच्या अटीचा काही संबंध नाही, सरळ स्तनरोग विभागात जा.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांना. तिशी ओलांडलेल्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात 2016 पासून आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात तेव्हा त्यात स्तनातल्या गाठीचा प्रश्नही असतो. त्याला घाईघाईत नाही म्हणून मोकळ्या होऊ नका. घरातल्या पुरुषांनी आपल्या गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख पाठ असते तशी बायकोच्या, आईच्या तपासणीची तारीखही लिहून ठेवावी. दिवाळीचा फराळ, पाहुणे, आवराआवर झाल्याशिवाय कुणी जाणार नाही हे मला ठाऊक आहे. पण हाताला काही लागत असेल तर तुळशीचं लग्न लागायच्या आत दाखवून या.